पुरात तहानलेलं शरीर

पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता पाण्याखाली जातो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती इथं एकमेकींना भेटतात, आणि तिघींनी एकदम मनावर घेतलं की गावाला बेट करून टाकतात. बाजारपेठेत पाणी शिरतं, दुकानदार पोती वर चढवतात, पलीकडच्या गावांशी संपर्क तुटतो. अशा पुरात सगळ्यात आधी टंचाई पडते ती पिण्याच्या पाण्याची. विहीर गढूळलेली, हातपंप बुडालेला. दारात नदी उभी आणि घरात घोटभर पाण्यासाठी धावाधाव.

हृदय थकलेल्या माणसाच्या शरीरात हुबेहूब हेच चाललेलं असतं. पाय सुजून टम्म, पोटात पाणी, फुप्फुसांच्या तळाशी पाणी. आणि याच शरीरातल्या मूत्रपिंडांची ठाम समजूत झालेली असते की दुष्काळ पडलाय, थेंबन् थेंब राखून ठेवा. ही समजूत का होते, एक छोटीशी गोळी ती कशी मोडते, आणि ती मोडताना रक्तदाब घसरला तर काय समजायचं, ही गोष्ट मला शरीरशास्त्रातल्या सगळ्यात चकित करणाऱ्या गोष्टींपैकी एक वाटते.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. डॉक्टर जेव्हा हार्ट फेल्युअर म्हणतात तेव्हा रुग्ण त्यांच्यासमोर बसून बोलत असतो. हृदय बंद पडलेलं नसतं, त्याचं काम अपुरं पडत असतं. झटका हा वेगळा प्रकार, तो मिनिटांत येतो; हा आजार वर्षानुवर्षं सोबत राहतो. झटक्यातून वाचलेलं, वर्षानुवर्षं वाढलेल्या रक्तदाबाशी झुंजून दमलेलं, किंवा लहानपणीच्या सांधेज्वरानं झडपा बिघडलेलं हृदय शेवटी या मुक्कामाला येतं.

यातला रक्तदाबाचा धागा या मुलखात चांगलाच जाड आहे. २०१५ साली ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध केला. जंगलातल्या गावांत माणसं हिवतापानं, क्षयानं जात असतील हा शहरातला समज. हिशेबात पहिल्या क्रमांकावर निघाला लकवा, म्हणजे मेंदूचा झटका; दर सात मृत्यूंमागे जवळपास एक. लकव्यामागचं सगळ्यात मोठं कारण असतं वाढलेला रक्तदाब, आणि तोच वाढलेला रक्तदाब हृदयालाही आतून झिजवत असतो. आता शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातले एक आबाजी डोळ्यांपुढे आणा. दहा वर्षं त्यांचा बीपी १७० च्या वर. गोळी कधी घेतली, कधी राहिली. यंदा तपासला तर वरचा आकडा १०० वर. घरात आनंद. पण आबाजी तीन उशा लावल्याशिवाय झोपू शकत नाहीत, अंगणातून विहिरीपर्यंत गेले की थांबतात आणि विचारतात, “बीपी तं उतरला ना, मंग दम काहून लागते?”

प्रश्न बिनतोड आहे. बीपी औषधानं उतरलेलाच नाही. ढकलणारा पंपच दमला, म्हणून आकडा खाली आला.

निरोगी हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि साधारण सात हजार लिटर रक्त पुढं ढकलतं. त्यातला पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. दोन मुठींएवढ्या या अवयवांना एवढा मोठा वाटा कशाला, तर ते रोज १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. रक्तातला द्रवभाग जेमतेम तीन लिटर. म्हणजे तेच पाणी दिवसातून साठ वेळा गाळलं जातं. आधी सगळं बाहेर ओतायचं आणि मग हवं ते वेचून आत घ्यायचं, ही पद्धत मला पहिल्यांदा वाचताना वेडगळ वाटली होती. पण घर असंच साफ होतं. सगळं सामान अंगणात काढायचं, आणि लागेल तेवढंच आत न्यायचं.

किती परत घ्यायचं हे मूत्रपिंडं कशावरून ठरवतात? त्यांना पायाची सूज दिसत नाही, फुप्फुसातलं पाणी दिसत नाही. त्यांना कळतो तो फक्त धमन्यांमधला दाब आणि प्रवाह. गळ्यातल्या धमनीत, महाधमनीत आणि खुद्द मूत्रपिंडात दाब जोखणाऱ्या चौक्या आहेत. शरीरातलं बहुतेक रक्त शिरांमध्ये असतं, धमन्यांमध्ये त्याचा लहानसा भाग. पण चौक्यांचा कारभार त्या लहान भागावर चालतो. दमलेल्या हृदयामुळे तिथला प्रवाह घटला की चौक्या एकच अर्थ काढतात: अंगातलं रक्त वाहून गेलंय किंवा पाणी आटलंय. लगेच हुकूम सुटतात. रक्तवाहिन्या आवळा, मीठ धरा, पाणी धरा, तहान वाढवा.

लाखो वर्षं हाच अर्थ बरोबर होता. जनावरानं फाडलं, हगवण लागली, उन्हात घाम गेला, तर ज्याचं शरीर मीठ आणि पाणी घट्ट धरून ठेवी तो जगे. समुद्रापासून इतक्या दूरच्या या जंगलात मीठ नेहमी बाहेरूनच आलं. मीठ सहज मिळत नव्हतं तेव्हाची ही व्यवस्था. म्हातारपणापर्यंत जगून हृदय थकवून घेणारी माणसं तिच्या हिशेबात नव्हतीच. त्यामुळे थकलेल्या हृदयाला ती वेगळं ओळखत नाही, जखमच समजते. धरून ठेवलेलं पाणी शिरांमध्ये तुंबतं, केशवाहिन्यांतून पाझरून पायांत उतरतं, आणि रात्री माणूस आडवा झाला की पायांतलं पाणी परत फिरून फुप्फुसांवर चढतं. उशांचा हिशेब डॉक्टर विचारतात तो यासाठी.

यात एक बंडखोर आहे, तो म्हणजे खुद्द हृदय. १९८१ साली कॅनडात अदोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. त्या उंदरांच्या लघवीतून मीठ आणि पाणी धो धो वाहू लागलं. पंप म्हणून ओळखलं जाणारं हृदय ग्रंथीसारखं संप्रेरकही सोडतं, हे तेव्हा कळलं. कप्पे ताणले गेले की हृदय मूत्रपिंडांना सांगतं, पुरे, आता सोडा. थकलेलं हृदय हा निरोप सतत पाठवत राहतं, पण मीठ धरण्याच्या हुकुमांच्या गलबल्यात तो दबतो. गंमत अशी की आज रक्तात याच कुळातल्या निरोपाचं प्रमाण मोजून डॉक्टर आजाराचं निदान करतात. निरोप मूत्रपिंडांनी ऐकला नाही, तो प्रयोगशाळेत ऐकला जातो.

झाडीपट्टीच्या वाचकाला पुढचं सांगायला मला तलाव पुरेसा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतले जुने मालगुजारी तलाव पाहिलेत? मातीची पाळ, पाणी हवं तेवढं सोडायला तुडूम, आणि जास्तीचं पाणी आपोआप निघून जावं म्हणून सांडवा. हृदयविकारात पाणी पाळीला लागलंय आणि तुडुमाचा पहारेकरी ते बंद करून बसलाय. लघवीची गोळी त्याचा हात धरते.

तो हात कुठं धरायचा हे शोधायला माणसाला बराच काळ लागला, आणि शोध बहुतेक अपघातानंच लागला. १९१९ साली व्हिएन्नात आल्फ्रेड फोग्ल हा वैद्यकाचा विद्यार्थी उपदंशाच्या रुग्णाला पाऱ्याचं एक नवं इंजेक्शन देत होता. परिचारिकांच्या तक्त्यावर लघवीचा स्तंभ उंच उंच चढलेला त्याला दिसला. मग तेच औषध हृदयामुळे सुजलेल्या रुग्णाला दिलं, आणि एका दिवसात पाण्याचा लोंढा निघाला. पुढची तीस-पस्तीस वर्षं जगभरचे डॉक्टर सूज उतरवायला पारा टोचत राहिले, त्याचं विष पत्करून. दुसरा अपघात सल्फा औषधांचा. जंतू मारायला दिलेल्या सल्फामुळे लघवीतून सोडियम जास्त जातं हे लक्षात आल्यावर १९४९ साली विल्यम श्वार्ट्झ यांनी ते हृदयविकाराच्या रुग्णांना देऊन पाहिलं. सूज उतरली. त्या रेणूला घासूनपुसून, वळवून पुढची औषधं घडली, आणि १९६० च्या दशकात फ्युरोसेमाइड आलं. त्याचं लॅसिक्स हे नाव कशावरून, तर परिणाम सहा तास टिकतो, ‘लास्ट्स सिक्स’. औषधाच्या नावातच घड्याळ असण्याचं दुसरं इतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हे घड्याळ रुग्णांना पाठ असतं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर. एसटीत बसायचं असेल त्या दिवशी माणूस गुपचूप गोळी टाळतो, आणि बाईमाणूस तर हमखास. कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीत न दिसणारं हे कारण आहे. गोळीची वेळ पुढंमागं करता येते, पण त्यासाठी ही अडचण न लाजता सांगावी लागते.

आता गोळीचा अंतर्गत प्रवास. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म नळ्या असतात. प्रत्येक नळी केसपिनेसारखा एक वळसा घेते. १८६२ साली याकोब हेन्ले यांनी तो वर्णन केला, म्हणून हेन्लेचा वळसा. गाळलेल्या मिठापैकी पावभाग इथं परत घेतला जातो, आणि ते घेणाऱ्या पंपालाच फ्युरोसेमाइड खीळ घालतं. पण हा पंप असतो नळीच्या आतल्या बाजूला. गोळीचे रेणू रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेले, त्यामुळे ते गाळणीतून खाली पडतच नाहीत. मग नळीत पोचतात कसे? वळशाच्या आधीच्या भागातल्या पेशी रक्तातला टाकाऊ माल उचलून नळीत फेकायचं काम करतात. त्या फ्युरोसेमाइडलाही कचरा समजून नळीत फेकतात, आणि तो कचरा खाली वाहत जाऊन बरोबर पंपावर बसतो. बाहेर फेकलं जाणं हाच या औषधाचा कामावर जायचा रस्ता आहे.

म्हणूनच हे औषध थोडं-थोडं काम करत नाही. नळीत पुरेसं जमेपर्यंत काहीच नाही, उंबरठा ओलांडला की धार. थकलेल्या मूत्रपिंडात उंबरठा उंच होतो. तिथं अर्धी-अर्धी गोळी दोनदा घेणं म्हणजे दोनदा काहीच न घेणं ठरू शकतं. आणि सूज फार वाढली की आतड्याच्या भिंतीही फुगतात, गोळी रक्तात हळूहळू आणि उशिरा शिरते. जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच गोळी लंगडते. दवाखान्यात भरती करून तेच औषध शिरेतून का देतात, याचं हे साधं उत्तर.

आता बीपीकडे येऊ. लघवीची गोळी चालू आहे आणि वरचा आकडा ९५ आलाय. घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: बीपी लो झालाय, मीठ-साखर घालून लिंबू सरबत द्या. उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाला हे ठीक. सुजलेल्या पायांच्या हृदयरुग्णाला ते देणं म्हणजे भरल्या तलावात आणखी पाट वळवणं.

गोळी पाणी काढते ते रक्तातलं. पायांतलं पाणी त्या रिकाम्या जागेत हळूहळू झिरपत येतं, बोडीतून विहिरीला पाझर लागावा तसं. पाझराच्या वेगानं उपसलं तर कित्येक लिटर पाणी जाऊनही दाब टिकून राहतो, कारण ताणलेल्या, थकलेल्या हृदयाला थोडं कमी भरलं तरी त्याच्या कामात फारसा फरक पडत नाही. उपसा पाझरापेक्षा जोरात झाला तर मात्र पाय सुजलेलेच आणि बीपी खाली, अशी विचित्र अवस्था येते. उलटही घडतं. कधीकधी शिरांमधल्या तुंबाऱ्यानंच मूत्रपिंडं गुदमरलेली असतात. पाणी काढलं की ती मोकळी होतात आणि माणूस सुधारतो. एकच आकडा, ९५, यातलं काहीही सांगत असेल. माझं मत विचाराल तर या आजारात आकड्यावरून निर्णय घेणं म्हणजे पाकीट पाहून पत्राचा मजकूर ठरवणं.

म्हणून चांगला डॉक्टर यंत्र बाजूला ठेवून विचारतो: उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते का? लघवी कमी झाली का? मानेची शीर पाहतो, नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का पाहतो, उभं करून बीपी पुन्हा मोजतो. आकडा कमी पण माणूस ठणठणीत असेल तर बहुतेक वेळा काहीच बदलायचं नसतं. चक्कर येते आणि अंगात जादा पाणीही उरलेलं नाही, तर सहसा आधी लघवीच्या गोळीचा डोस कमी होतो. आकडा खाली, हातपाय गार आणि दम वाढलेला, तर तो दवाखाना गाठायचा प्रसंग.

लघवीचीच गोळी आधी का कमी करायची, यामागं वैद्यकातला एक मोठा उलटफेर आहे. ही गोळी आराम देते, श्वास मोकळा करते. आयुष्य वाढवल्याचा पुरावा मात्र दुसऱ्या औषधांच्या नावावर आहे, आणि त्यातली बरीचशी बीपी उतरवणारीच आहेत! १९८७ साली एनालाप्रिल, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, अगदी गंभीर रुग्णांना दिलं तेव्हा मृत्यू ठळकपणे घटले. चढावर बैल दमला तर चाबूक ओढण्यापेक्षा बंडीवरची पोती उतरवलेली बरी. रक्तवाहिन्या सैल करणं म्हणजे पोती उतरवणं. हृदयाचा वेग आवरणारी औषधं तर एकेकाळी या आजारात निषिद्ध होती. १९७५ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी ती मोजक्या रुग्णांना देण्याचं धाडस केलं, आणि आज ती उपचाराचा खांब आहेत. १९९९ साली स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, दुबळ्या समजल्या जाणाऱ्या लघवीच्या गोळीनं गंभीर रुग्णांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले, कारण ती मीठ धरण्याचा हुकूमच अडवते. बीपी लो दिसला म्हणून ही औषधं घाबरून परस्पर बंद करणं ही सगळ्यात महागडी चूक.

आणि या सगळ्यावर चंद्रपूरचा मे महिना. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतातच. ४५-४६ अंश इथं बातमीही होत नाही. त्याच दिवसांत तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगल, दुपारी पुडके बांधणं. अशा उन्हात अंग थंड ठेवायला कातडीखालच्या रक्तवाहिन्या सताड उघडतात, दाब आपसूक उतरतो, आणि घामावाटे मीठ-पाणी जातं. लघवीची गोळी तर आधीच तेच काम करत असते. जुलैतल्या रोवणीच्या दिवसांत बरोबर बसलेला डोस मेमध्ये जास्त होऊ शकतो. त्यात कंबर धरली म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतली, डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, तर ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळते आणि वर मीठही धरते. हृदयाच्या गोळ्या, ऊन आणि दुखण्याची गोळी ही तिघं एकत्र आली की मूत्रपिंड काही दिवसांत बसू शकतं.

गडचिरोलीचा आणखी एक पदर मला थक्क करतो. हेन्लेच्या वळशामुळे मूत्रपिंडाचा गाभा रक्ताच्या चौपट खारट असतो, आणि तिथं प्राणवायू फार थोडा. सिकलसेलच्या तांबड्या पेशी नेमक्या अशाच जागी विळ्यासारख्या वाकतात. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाचं, बऱ्याचदा वाहकाचंही, मूत्रपिंड पाणी राखण्यात कच्चं असतं. त्यांची लघवी आधीच पातळ आणि भरपूर. या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल बरंच आहे. अशा माणसाला लघवीची गोळी देताना पाणी कमी पडलं तर पेशी आणखी वाकतात. म्हणून सिकलसेलचं कार्ड घरात असेल तर ते हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवावं.

मिठाबद्दल एक प्रामाणिक नोंद. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मीठ अगदी कडक तोडल्यानं मृत्यू किंवा भरती कमी झालेली दिसली नाही. रुग्णांना वाटायला थोडं बरं वाटलं, इतकंच. तेव्हा पेजेतली चिमूट मोजत बसू नका. पण लोणचं, पापड आणि बाजारातली खारी सुकट रोज पानात असेल, तर सहा तासांत गोळीनं काढलेलं मीठ उरलेल्या अठरा तासांत मूत्रपिंड आनंदानं परत घेतं.

या आजारात मला बीपीच्या यंत्रापेक्षा वजनकाटा मोठा वाटतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चरबी तीन दिवसांत दोन किलो वाढत नाही, पाणी वाढतं. सूज डोळ्यांना दिसण्याआधी काटा ते दाखवतो. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट न पाहता दवाखान्यात जा. भराभर उतरत चाललं आणि उठताना चक्कर येत असेल, तरीही जा. घरात काटा नसेल तर आरोग्य उपकेंद्रात असतो, आशाताईंना विचारा. जाताना वही न्या, आणि दुखण्याची गोळी खाल्ली असेल तर तेही सांगा.